‘क्लासिक’ रॉक गीते : वारसा कोणाचा, मालकी कोणाची?

दिल्लीच्या परिसरात गुरुग्राम आणि नोएडा येथील चकचकीत मद्यगृहांतून ‘क्लासिक रॉक’च्या रात्री साजऱ्या होतात. साठ-सत्तरच्या दशकांतील इंग्रजी-अमेरिकी गीते तेथे वाजविली जातात. ऐकणाऱ्यांत माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांतील नोकरदार तरुण असतात आणि आपल्या महाविद्यालयीन दिवसांची आठवण काढणारे त्यांचे वरिष्ठ अधिकारीही असतात. युद्धाविरुद्ध, वंशद्वेषाविरुद्ध, कारखान्यातील रखरखीत जिण्याविरुद्ध रचलेली ही गीते येथे महागड्या पेयाच्या सोबतीला दिली जातात आणि त्यांतील निखारा विझलेला आहे याची पूर्ण खात्री करून घेऊनच ती दिली जातात. या गीतांना ‘अभिजात’ कोणी ठरविले, ती कोणाच्या श्रमातून जन्मली आणि आज त्यांच्यावर हक्क कोणाचा, हे प्रश्न केवळ संगीतरसिकांचे नाहीत. सांस्कृतिक आघाडीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने त्यांचा विचार करणे अगत्याचे आहे.

‘क्लासिक रॉक’ हा शब्द कोणा संगीतशास्त्रज्ञाने घडविलेला नाही. अमेरिकेतील व्यापारी नभोवाणी केंद्रांनी १९८०च्या दशकात तो रूढ केला. साठच्या दशकात तरुण असलेली पिढी तोवर मध्यमवयीन व कमावती झाली होती. या गिऱ्हाइकाला जाहिरातींपाशी बसवून ठेवायचे, तर त्याला त्याच्या तारुण्यातील गाणी ऐकवावीत, हा त्यामागील हिशेब होता. त्या हिशेबात जी गाणी बसली ती ‘अभिजात’ झाली आणि जी बसली नाहीत ती विसरली गेली. बाजाराने दिलेली कीर्ती ही अशी असते. परंतु याच गीतांपैकी काहींना दुसरीही एक कीर्ती लाभली आहे, आणि ती बाजाराच्या हिशेबात मावत नाही. या दोन कीर्तींमधील फरक ओळखणे हाच येथील मुख्य मुद्दा आहे.

कापसाच्या शेतातून

रॉक संगीताचे मूळ शोधीत गेल्यास वाट लंडन वा न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणगृहापाशी संपत नाही. ती मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत जाते. गुलामगिरी कायद्याने संपली, तरी जमीनदाराच्या व सावकाराच्या कर्जात अडकलेला कृष्णवर्णीय वाटेकरी अर्धगुलामच राहिला. त्याच्या श्रमगीतांतून, तुरुंगातील बेड्या घातलेल्या कैद्यांच्या हाकाऱ्यांतून आणि प्रार्थनागीतांतून ‘ब्लूज’ हा गानप्रकार घडला. मडी वॉटर्स हा त्या परंपरेतील थोर गायक मळ्यावर ट्रॅक्टर चालवीत असे. लोकगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्सने १९४१ साली मळ्यावरच त्याचे पहिले ध्वनिमुद्रण केले. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला. दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीय याच वाटेने औद्योगिक शहरांत मजूर म्हणून आले होते. शहरी गुत्त्यांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, तेव्हा त्याने विजेवर चालणारी गिटार हाती घेतली. रॉकचा तो कर्कश, अंगावर येणारा नाद जन्मला तो अशा रीतीने, शेतमजुराच्या कामगार होण्याच्या प्रक्रियेतून. त्याच्या १९५०मधील एका गीतावरून पुढे ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने आपले नाव घेतले.

कीर्ती आणि पैसा मात्र मूळ निर्मात्यांच्या वाट्याला क्वचितच आला. विली डिक्सन या कृष्णवर्णीय गीतकाराने रचलेले एक गीत मडी वॉटर्सने १९६२ साली गायिले. १९६९ मध्ये ‘लेड झेपेलिन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे ‘होल लॉटा लव्ह’ हे गीत जगभर गाजले. त्यातील शब्दांचा मोठा भाग डिक्सनचा होता, पण तबकडीवर त्याचे नाव नव्हते. डिक्सनला १९८५ साली न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि १९८७ मध्ये तडजोड झाली. रॉकचे जे गीत सर्वांत ‘अभिजात’ म्हणून मिरविले जाते, त्याच्या कर्तृत्वात आपला वाटा आहे एवढे मान्य करून घ्यायला मूळ कवीला अठरा वर्षे लागली. जमीनदाराने वाटेकऱ्याचे पीक न्यावे आणि कंपनीने त्याचे गाणे न्यावे, या दोन व्यवहारांमागील नियम एकच आहे.

गीताचा अर्थ कोण ठरवितो?

तरीही गीत म्हणजे साबणाची वडी नव्हे. ते विकले जाते आणि विकले गेल्यावरही विकणाऱ्याच्या हाती पूर्णपणे राहत नाही. १९८४ साली ब्रूस स्प्रिंगस्टीनचे ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ प्रसिद्ध झाले. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या आणि कारखान्याच्या दारातून रिकाम्या हाताने माघारी पाठविल्या गेलेल्या कामगाराची ती कैफियत आहे. परंतु त्याच वर्षीच्या निवडणुकीत अध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतील सभेत या गायकाचे नाव घेऊन त्याला आपल्या आशावादी राष्ट्रभक्तीच्या रथाला जुंपण्याचा प्रयत्न केला. कामगारांच्या संघटना मोडून काढणाऱ्या राजवटीला कामगाराचेच गाणे हवे होते, मात्र त्यातील कामगार वगळून.

याच्या उलट उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. ‘पिंक फ्लॉइड’च्या ‘द वॉल’ या १९७९च्या ध्वनिमुद्रिकेतील शाळेविषयीचे गीत इंग्लंडच्या शिक्षणपद्धतीला उद्देशून होते. १९८० साली वंशभेदी शिक्षणावर बहिष्कार टाकणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतील विद्यार्थ्यांनी ते आपले केले आणि प्रिटोरियाच्या सरकारने त्या गीतावर बंदी घातली. रचणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ लढणाऱ्या मुलांनी त्यात भरला होता. गीताची खरी कीर्ती येथे दिसते. ज्यांना त्याची गरज असते ते त्याला उचलतात, आणि ज्यांना त्याचे भय वाटते ते त्याच्यावर बंदी घालून त्याच्या सामर्थ्याची पावती देतात.

दिल्ली, १९८८ची शरद

या पार्श्वभूमीवर दिल्लीचा अनुभव विशेष बोलका आहे. ब्रिटिश ‘बीटल्स’ १९६६च्या जुलैत दिल्लीत उतरले आणि कॅनॉट प्लेसमधील रिखी राम यांच्या दुकानातून त्यांनी भारतीय वाद्ये विकत घेतली. हे दुकान मूळचे लाहोरचे, फाळणीनंतर दिल्लीत आलेले. १९६८ मध्ये हीच मंडळी ऋषिकेशला गेली. भारत म्हणजे सतार, उदबत्ती आणि गूढ शांती, अशी एक प्रतिमा तेव्हा पाश्चात्त्य तरुणांत पसरली. त्या प्रतिमेत भारतातील भुकेला शेतकरी नव्हता आणि संपावर गेलेला कामगारही नव्हता. दोन संस्कृतींची ही देवघेव खरी असली तरी ती अर्धवट होती.

बावीस वर्षांनी चित्र थोडे बदलले. ३० सप्टेंबर १९८८ रोजी नवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ‘ॲम्नेस्टी इंटरनॅशनल’च्या जगदौऱ्यातील कार्यक्रम झाला. स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन आणि सेनेगलचा यूसू एन्दूर त्यात गायिले. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त निघालेल्या या दौऱ्याला पैसा पुरविणारी रीबॉक ही पादत्राणांची कंपनी होती, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. तसेच त्या रात्री सहस्रावधी तरुणांनी तुरुंग, छळ आणि वंशभेद यांविरुद्धची गाणी ऐकली, हेही नाकारता येत नाही.

त्याच शरदात स्टेडियमबाहेरच्या दिल्लीत दुसरेच संगीत घडत होते. २२ ते २८ नोव्हेंबर या काळात दिल्ली परिसरातील औद्योगिक कामगारांनी किमान वेतनादी मागण्यांसाठी सात दिवसांचा संप केला. जन नाट्य मंचाने त्या संपासाठी पथनाट्य घडविले. पुढे त्यालाच ‘हल्ला बोल’ हे रूप मिळाले. १ जानेवारी १९८९ रोजी गाझियाबादजवळ साहिबाबादच्या झंडापूर या कामगारवस्तीत ते चालू असताना काँग्रेसच्या पाठबळावर निवडणूक लढविणाऱ्या उमेदवाराच्या गुंडांनी हल्ला चढविला. राम बहादूर हा कामगार जागीच ठार झाला आणि सफदर हाश्मी यांचा दुसऱ्या दिवशी मृत्यू झाला. ४ जानेवारीला मलयश्री हाश्मी आणि त्यांचे सहकारी त्याच जागी परत गेले आणि अर्धवट राहिलेले नाटक त्यांनी पूर्ण केले. मारेकऱ्यांना शिक्षा व्हायला २००३ साल उजाडले. तीन महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे एक प्रश्न उभा राहतो : स्टेडियममधील गीत आणि झंडापूरच्या गल्लीतील गीत यांची कधी गाठ पडेल काय?

मंडी हाऊसचा रस्ता

ती गाठ पडली, आणि ती कोणत्याही कंपनीच्या आश्रयाने पडली नाही. सफदर यांच्या स्मरणार्थ १९८९ साली ‘सहमत’ ही संस्था उभी राहिली आणि दर १ जानेवारीला कलावंतांचा मेळावा भरू लागला. दिल्लीत १९९०च्या सुमारास स्थापन झालेल्या ‘इंडियन ओशन’ या रॉक वाद्यवृंदाने १९९७ साली मंडी हाऊस येथे रस्त्यावरच्या अशाच मेळाव्यात वादन केले. त्या वादनाचे ध्वनिमुद्रण ‘डेझर्ट रेन’ या नावाने बाहेर आले. भारतीय रॉकच्या इतिहासात आज जी ध्वनिमुद्रिका आवर्जून सांगितली जाते, ती एका हुतात्मा कम्युनिस्ट रंगकर्मीच्या स्मृतिदिनी, खुल्या आकाशाखाली घडली, हे मद्यगृहांतील ‘क्लासिक’ रात्रींना ठाऊक नसते.

या वाद्यवृंदाच्या गीतांपैकी ‘बोल वीव्हिल’ची कहाणी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. बोल वीव्हिल हा कापसाच्या बोंडात शिरणारा भुंगेरा १८९०च्या दशकात मेक्सिकोतून टेक्सासमध्ये आला आणि पुढे साऱ्या दक्षिणी कापूसपट्ट्यात त्याने हाहाकार उडविला. कृष्णवर्णीय वाटेकऱ्यांनी त्याच्यावर गाणी रचली. त्यांत हा चिवट किडा आणि हताश शेतकरी यांचा संवाद असे, आणि शेवटी किड्याने सोडलेले सावकार नेतो हे कळून येत असे. हेच लोकगीत दिल्लीच्या वाद्यवृंदापर्यंत पोचले. विदर्भातील वाचकाला या गीताचे भाषांतर करून द्यावे लागत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडील कापूस फस्त केला. त्याच हंगामात यवतमाळमध्ये कीटकनाशकाच्या विषबाधेने शेतमजुरांचे बळी गेले. बियाणे कंपनीचे, औषध कंपनीचे, व्याज सावकाराचे आणि मरण तेवढे शेतकऱ्याचे! मिसिसिपीचा वाटेकरी आणि वऱ्हाडचा कास्तकार एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण त्यांचे गाऱ्हाणे एकाच जागतिक कापूस-बाजाराने घडविले आहे.

२०००च्या ‘कंदिसा’ या ध्वनिमुद्रिकेतील दोन गीते याच वाटेवरची आहेत. ‘हिल्ले ले’ हे गोरख पांडे यांच्या भोजपुरी रचनेवर उभे आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात राहून शेतमजुरांच्या बोलीत लिहिणारे आणि जन संस्कृती मंचाचे पहिले सरचिटणीस असलेले हे कवी डाव्या चळवळीतील वेगळ्या प्रवाहाचे होते. सफदर गेले त्याच जानेवारीत, १९८९ साली, त्यांनी आपले आयुष्य संपविले. प्रवाह वेगळे असतील, पण जमीनदाराच्या वाड्याला हादरे देणारे त्यांचे शब्द गिटारीच्या साथीने ज्या तरुणांपर्यंत पोचले, त्यांनी एरवी भोजपुरी कवितेचे पुस्तक कधीच उघडले नसते.

‘मा रेवा’ हे दुसरे गीत नर्मदेच्या खोऱ्यातील लोकांचे पारंपरिक गीत आहे. वाद्यवृंदातील राहुल राम यांनी कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. केली आणि नंतर नर्मदा बचाव आंदोलनात काम केले. खोऱ्यातील गीत दिल्लीत आले ते त्या सहवासातून. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ आदिवासी गावे बाधित झाली आणि मणिबेलीच्या लढ्याने सारा देश जागा केला. धरणाचे दरवाजे २०१७ साली बंद झाले. गावे बुडाली तरी त्या खोऱ्याचे गाणे बुडाले नाही. नर्मदा ज्यांनी नकाशावरदेखील पाहिलेली नाही अशा शहरी मुलांच्या तोंडी ते बसले.

दोन आक्षेप

या विवेचनावर चळवळीतूनच दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, रॉक ही साम्राज्यवादी संस्कृतीची निपज आहे आणि देशी लोककलांना मारणारे हे आक्रमण आहे. आक्रमण आहे हे खरे. पण ते गिटारीचे नसून कंपन्यांच्या मक्तेदारीचे आहे, आणि ही मक्तेदारी देशी भजनांवर व लावण्यांवरही तितक्याच निर्दयपणे चालते. महाराष्ट्राच्या कम्युनिस्ट चळवळीला तरी हा धडा नवा नसावा. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लालबावटा कलापथकातून तमाशाचे रूप हाती घेतले, तेव्हा सुशिक्षित पांढरपेशा समाज त्या कलेला अश्लील आणि हीन समजत होता. अण्णाभाऊंनी तमाशा टाकून दिला नाही. त्यातील गणाचा रोख त्यांनी देवतेकडून मायभूमीकडे आणि हुतात्म्यांकडे वळविला आणि वगात कामगाराला नायक केले. रूप कोणत्या घरातून आले हे त्यांनी पाहिले खरे, पण ते कोणाच्या कामी लावायचे हा निर्णय त्यांनी आपल्या हाती ठेवला. जे तमाशाच्या बाबतीत योग्य होते, ते कृष्णवर्णीय मजुराच्या गीताच्या बाबतीत अयोग्य कसे ठरेल?

येथे थोडी आत्मटीकाही आवश्यक आहे. समाजवादी देशांतील सांस्कृतिक अधिकाऱ्यांनी दीर्घकाळ रॉकला ऱ्हासशील भांडवली कचरा ठरवून तरुणांच्या वाटेत अडथळे उभे केले. चेकोस्लोव्हाकियात १९७६ साली वादकांना तुरुंगात धाडण्यापर्यंत मजल गेली. पूर्व जर्मनीच्या युवक संघटनेने १९८८च्या जुलैत स्प्रिंगस्टीनलाच पूर्व बर्लिनमध्ये बोलाविले, तेव्हा लाखाहून अधिक तरुण लोटले. पण तोवर फार उशीर झाला होता. ज्या गीतांत अमेरिकी कामगाराचा संताप होता, ती गीते तरुणांना आपल्याच सरकारविरुद्धची वाटू लागली होती. श्रमिकांचे गीत श्रमिकांच्या राज्याने परके मानावे, याहून मोठी राजकीय चूक सांस्कृतिक क्षेत्रात दुसरी नसेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे संगीत कितीही पुरोगामी असले, तरी ते मध्यमवर्गातच फिरते आणि झंडापूरच्या कामगाराच्या कानी पडत नाही. यात तथ्य आहे. महागडी वाद्ये, महाविद्यालयांचे महोत्सव, मद्य आणि मोबाइल कंपन्यांचे प्रायोजकत्व यांवर बहुतेक वाद्यवृंद जगतात, आणि जो पैसा देतो तो कधी ना कधी सूरही ठरवू पाहतो. ‘इंडियन ओशन’ने २०१० पासून ‘१६/३३० खजूर रोड’ या ध्वनिमुद्रिकेतील गीते महिन्याला एक या क्रमाने विनामूल्य खुली केली. करोल बागेतील ज्या जुन्या घरात त्यांचा सराव चाले, त्याचाच हा पत्ता. कंपनीला वगळून श्रोत्याकडे जाण्याचा हा प्रयत्न मोलाचा होता. परंतु एका वाद्यवृंदाच्या सद्भावनेने बाजार हटत नाही. संघटित श्रोता उभा राहिल्याखेरीज स्वतंत्र कलावंत टिकू शकत नाही, आणि तो श्रोता उभा करणे हे कलावंताचे काम नसून चळवळीचे आहे.

फिरून आलेले गीत

हे काम अशक्य नाही, हे अलीकडच्या वर्षांनी दाखविले आहे. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध दिल्लीत आंदोलन पेटले असता जामिया मिलिया इस्लामियात शिकलेल्या आमिर अझीझ या तरुण कवीची ‘सब याद रखा जाएगा’ ही रचना देशभर पोचली. २२ फेब्रुवारी २०२० रोजी लंडनमध्ये ज्युलियन असांज यांच्या सुटकेसाठी भरलेल्या सभेत ‘पिंक फ्लॉइड’चे रॉजर वॉटर्स यांनी तिचे इंग्रजी भाषांतर वाचून दाखविले. दक्षिण आफ्रिकेच्या मुलांनी चाळीस वर्षांपूर्वी ज्याचे गीत उचलले होते, त्यानेच आता दिल्लीच्या कवीचे शब्द उचलले. दुसऱ्याच दिवशी ईशान्य दिल्लीत हिंसाचार सुरू झाला आणि त्यात ५३ माणसे प्राणास मुकली. कविता हिंसा थांबवू शकली नाही. परंतु घडलेले विसरले जाऊ नये, यासाठी लागणारी स्मृती तिने राखली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून सिंघू, टिकरी आणि गाझीपूरच्या सीमांवर शेतकरी वर्षभर ठाण मांडून बसले. तेथे ट्रॉलीट्रॉलीतून गाणी वाजत होती आणि त्यांत जुने पंजाबी वीरगीत व नवा विजेचा ठेका यांचे भांडण नव्हते. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी कायदे मागे घेण्याची घोषणा सरकारला करावी लागली.

तेव्हा ‘क्लासिक’ रॉकची अमरता मद्यगृहांच्या भिंतींवर लावलेल्या जुन्या चित्रांत शोधू नये. मजुराच्या पाठीवरून जन्मलेले गीत कंपनीने पळविले, राष्ट्राध्यक्षांनी पळविले, जाहिरातदारांनी पळविले. तरीही जेव्हा जेव्हा ते टिकले, तेव्हा ते शाळेवर बहिष्कार टाकणाऱ्या मुलांमुळे, खोऱ्यातील विस्थापितांमुळे आणि मंडी हाऊसच्या रस्त्यावर थंडीत उभ्या असलेल्या श्रोत्यांमुळे टिकले. गुरुग्राम आणि नोएडाचा तरुण नोकरदार आज बारा-बारा तास राबतो. त्याला संघटना नाही आणि नोकरीची शाश्वतीही नाही. रात्री तो जे गाणे ऐकतो ते त्याच्यासारख्याच राबणाऱ्याने रचले होते, हे त्याला कोणी सांगत नाही. ते सांगणे, आणि त्या गाण्याला पुन्हा झंडापूरच्या वाटेवर आणणे, हे सांस्कृतिक आघाडीचे आजचे काम आहे. वारसा ज्यांचा, मालकीही त्यांचीच झाली पाहिजे.